यूच्या लाँगबोची भुजा एकाच जागी वाकते: काय तपासायचं, कुठे थांबायचं

यू या झाडाच्या दांड्यापासून स्वतः लाँगबो, म्हणजे माणसाच्या उंचीचं लाकडी धनुष्य, घडवणाऱ्यांची जी धनुष्यं माझ्याकडे दुरुस्तीला येतात, त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं एकच असतं. वाक सगळ्या भुजेत, म्हणजे मुठीपासून टोकापर्यंतच्या भागात, वाटला जात नाही. तो वीतभर जागेत गोळा होतो, तिथे बिजागरी पडते आणि बाकीची भुजा काही काम न करता ताठ उभी राहते. मालक मात्र म्हणतो, ‘लाकूडच खराब निघालं.’ लाकूड क्वचितच खराब असतं.

लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी आधी दोरी उतरवा, मग पुढे वाचा.

- टिलरिंगच्या खांबावर (दोन्ही भुजा सारख्या वाकाव्यात म्हणून लाकूड उतरवताना धनुष्य ज्यावर आडवं टेकवून दोरी खाली ओढतात तो खांब) ओढताना एका भुजेचं टोक दुसरीच्या आधी खाली येतं, किंवा दोरीत अडकवलेला हूक सरळ खाली न येता एका अंगाला सरकतो.
- भुजेचा काही भाग फळीसारखा सरळ राहतो आणि लगेच पुढे एकदम कोन दिसतो.
- दोरी उतरवल्यावर एकच भुजा पोटाकडे, म्हणजे धनुर्धराच्या बाजूला, वाकलेली राहते. दोन्ही भुजांना सारखा, दीड-दोन सेंटिमीटरचा बाक राहिला तर काळजी नको, लाकडी धनुष्याला तेवढा राहतोच. एकाच भुजेला, एकाच जागी राहिला तर तो दोष.
- ओढण्याचं वजन, म्हणजे दोरी ओढायला लागणारं बळ, आपोआप उतरतं. २८ इंचांवर ४५ पाउंड भरणारं धनुष्य न खरवडता ४१-४२ वर येतं.
- बाण सुटताना मुठीत धक्का बसतो.
- पोटावर, रेषांना आडव्या, केसासारख्या बारीक सुरकुत्या दिसतात. हे सगळ्यांत गंभीर. यांना इथले, ब्रिटनमधले कारागीर ‘क्रिसल’ म्हणतात. दाब सहन न होऊन लाकडाचे धागे आत दुमडल्याची ती खूण असते.

नव्याने या नादाला लागलेल्यांसाठी दोन शब्द: धनुष्य हातात धरल्यावर लक्ष्याकडे असते ती पाठ, आपल्याकडे असतं ते पोट. यूच्या दांड्यात पाठीला सालीखालचं फिकट पांढरं लाकूड ठेवतात, ते ताण सोसतं. पोटाला आतला नारिंगी-तपकिरी गाभा येतो, तो दाब सोसतो. एकाच झाडाच्या एकाच फाडीत हे दोन्ही जोडून मिळतात, म्हणूनच मध्ययुगीन इंग्लंडला यूचं एवढं वेड होतं. १४७२ च्या कायद्याने तर इंग्लंडच्या बंदरात माल आणणाऱ्या परदेशी व्यापाऱ्यांना मालाबरोबर यूचे दांडेही आणायला लावले होते.

खालच्या तपासण्यांचा क्रम मी खर्चाने लावला आहे, आणि खर्च म्हणजे पैसे कमी, लाकूड जास्त. पहिल्या पाच तपासण्यांत एक ढलपीसुद्धा निघत नाही. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही, आणि घाईत स्क्रेपर (लाकूड खरवडायचं पातं) उचलणारा माणूस नेमका दुखऱ्या जागेवरच तो फिरवतो.

१. दोरी आणि खांब

सर्वांत स्वस्त तपासणी: धनुष्य खांबावर उलटं फिरवून ठेवा, डावी भुजा उजवीकडे. पुन्हा तेवढंच ओढा. दोष भुजेबरोबर फिरला तर तो धनुष्यात आहे. दोष भिंतीच्या त्याच बाजूला राहिला तर तो खांबात आहे, म्हणजे बैठक तिरकी आहे, कप्पी मधोमध नाही किंवा भिंतीवरच्या रेषा समतल नाहीत. यात पाच मिनिटं जातात. तरी हे कोणी करत नाही.

मग दोरी पाहा. दोन्ही टोकांच्या खाचा सारख्या खोल आहेत का, एका बाजूचा फास खाचेत पूर्ण बसलाय आणि दुसऱ्या बाजूचा वर अडकलाय असं तर नाही ना? टिलरिंगची लांब दोरी फार सैल असेल तर टोकांवर ओढ वेगळ्या कोनात येते आणि भुजांची टोकं असतात त्यापेक्षा ताठ किंवा नरम भासतात. शक्य तितक्या लवकर आखूड दोरीवर या. लांब दोरीवरचा सुंदर कमानदार वाक पाहून खूश झालेले बरेच जण दोरी चढवल्यावर गप्प होतात.

आधार कुठे दिलाय तेही बघा. लाँगबोत बाण मुठीच्या वरून जातो. त्यामुळे हाताचा दाब मोजलेल्या मध्याच्या जरा खाली पडतो आणि बोटं मध्याच्या जरा वर ओढतात. खांबावर मात्र आपण बरोबर मध्यावर टेकवतो आणि बरोबर मध्यावर ओढतो. खांबावर सारखं दिसणारं धनुष्य हातात आल्यावर खालच्या भुजेवर जास्त भार टाकतं. यावर उपाय म्हणजे खांबावर टेकू तिथेच द्या जिथे तळहात येणार, आणि हूक तिथेच लावा जिथे बोटं येणार. शिवाय खालची भुजा किंचित ताठ ठेवतात. दोरी चढवल्यावर भुजेपासून दोरीचं अंतर वरच्या बाजूला खालच्यापेक्षा ५ मिलिमीटरच्या आसपास जास्त असलं तर ते बरोबर आहे. ‘वरची भुजा जास्त वाकते’ अशी तक्रार घेऊन आलेल्या कितीतरी धनुष्यांत एवढंच असतं.

फोटो काढून तपासत असाल तर मोबाइल मुठीच्या उंचीवर, समोर आणि लांब ठेवा. जवळून काढलेल्या फोटोत कडेच्या रेषा वाकड्या येतात आणि त्या वाकड्या रेषांना जुळवायला आपण सरळ भुजा खरवडत बसतो.

२. दांड्याचा जन्मजात बाक

यू सरळ वाढत नाही. एखाद्या दांड्यात आधीच पोटाकडे वळण असतं, एखाद्यात पाठीकडे. दोरी चढवल्यावर पोटाकडे वळलेली जागा जास्त वाकल्यासारखी दिसते, पण ती तिथे मुळातच होती. उलट पाठीकडे वळण असलेली जागा भरपूर काम करत असूनही सरळ दिसते, आणि ‘इथे ताठ आहे’ म्हणून आपण तिलाच पातळ करतो. बिजागरी जन्माला घालण्याचा हा सगळ्यांत खात्रीचा मार्ग.

म्हणून आकार बघू नका, बदल मोजा. मुठीपासून दर १० सेंटिमीटरवर पेन्सिलीने खुणा करा. ३० सेंटिमीटरची सरळ स्टीलची पट्टी पोटावर खुणेवर मध्य येईल अशी टेकवा आणि मधली फट मोजा. एकदा दोरी उतरवून, एकदा चढवून. एका खुणेवर उतरवलेली फट २ मिलिमीटर आणि चढवलेली ६, म्हणजे बदल ४. शेजारच्या खुणेवर उतरवलेली शून्य आणि चढवलेली ४, म्हणजे बदल तोही ४. डोळ्यांना पहिली जागा दुसरीपेक्षा दीडपट वाकलेली दिसेल, पण दोघी सारखंच काम करताहेत. हात लावायचा नाही. पाठीकडे वळलेल्या जागी पट्टी मध्यावर टेकून टोकांना उचलली जाते. तिथे टोकांची फट मोजून ती उणे धरायची, हिशोब तोच.

सगळ्या खुणांचे बदल एका ओळीत लिहून काढा. मूठ ते टोक आकडे हळूहळू बदलायला हवेत. एखादा आकडा शेजाऱ्यांपेक्षा एकदम मोठा दिसला तर बिजागरी खरी आहे, पुढे चला.

३. ओल

ओलं लाकूड नरम असतं, दाबलं की दबून राहतं. ९ ते १२ टक्के ओल असलेल्या यूवर काम करावं, असा माझा अनुभव आणि बहुतेक कारागिरांचंही मत. खुंट्यांचं ओलमापक यंत्र स्वस्तात मिळतं, पण त्याच्या खुंट्या पाठीत मात्र खुपसू नका. पाठीवरचं छोटं भोकही ताणाखाली चिरेची सुरुवात ठरतं.

यंत्र नसलं तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. साधारण ४५ पाउंडांचं लाँगबो पाऊण किलोच्या आसपास भरतं. रोज एकाच वेळी तोला. वजन ग्रॅमाग्रॅमाने उतरत असेल तर लाकूड अजून वाळतंय, काम थांबवा. आठवडाभर एका आकड्यावर स्थिर राहिलं तर ते खोलीच्या हवेशी जुळलं. ओल मुख्य दोषी असेल तर सहसा दोन्ही भुजा सगळीकडे नरम वागतात. पण धनुष्याचं एक टोक हीटरजवळ आणि दुसरं गॅरेजच्या थंड भिंतीला टेकून महिनोन् महिने उभं असेल तर एकच भुजाही ओली सापडते. आडवं ठेवा, दोन-तीन खुंट्यांवर. मुंबईच्या पावसाळ्यात हाच प्रकार अख्ख्या घराला लागू होतो, तेव्हा जून ते सप्टेंबर टिलरिंग न केलेलंच बरं.

भारतातून वाचणारे लाकडाबद्दल विचारतातच, म्हणून इथेच सांगतो. यू सह्याद्रीत नाही, हिमालयात आहे. कर्करोगावरच्या टॅक्सॉल या औषधासाठी झालेल्या तोडीने तिथली झाडं धोक्यात आली आणि त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार सायटीस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या कराराच्या नियंत्रणाखाली आहे. त्यामागे लागू नका. आपल्याकडे तिरंदाजीच्या ‘इंडियन राउंड’ या स्पर्धाप्रकारात बांबूचं धनुष्य चालतं. या लेखातल्या पहिल्या तिन्ही तपासण्या बांबूलाही तशाच लागू पडतात. पुढच्यांमध्ये मात्र फरक आहे, कारण बांबूची ताकद बाहेरच्या सालीकडे दाटलेली असते.

४. जाडी

इथे व्हर्नियर लागेल, साधा प्लॅस्टिकचाही चालेल. त्याच खुणांवर पाठ ते पोट जाडी मोजा, दोन्ही भुजांची, आणि शेजारी शेजारी लिहा.

हे इतकं महत्त्वाचं का, ते समजून घेण्यासारखं आहे. भुजेचा ताठपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढतो-घटतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. रुंदी दहा टक्के कमी केली तर ताठपणा दहा टक्के जातो. जाडी दहा टक्के कमी केली तर ताठपणा सुमारे २७ टक्के जातो. २४ मिलिमीटरच्या जागी २३ झाले, म्हणजे एकच मिलिमीटर गेला, तरी ताठपणा सुमारे १२ टक्क्यांनी घटतो. जाड कानशीचे चार जोरदार हात मारले की मिलिमीटर कधी गेला कळतही नाही.

समजा एका भुजेच्या नोंदी मुठीपासून टोकाकडे अशा आल्या: २७, २६, २५, २२.५, २३.५, २२, २०, १७. चौथा आकडा पाचव्यापेक्षा लहान आहे, उतार तिथे खड्ड्यात जाऊन परत वर येतो. त्या जागी २४ च्या आसपास हवे होते. २२.५ असल्यामुळे ती जागा जवळपास १८ टक्के जास्त नरम आहे. धनुष्य ओढलं की वाक अशा जागी पळत जातो. तिथले धागे आधी दबतात, दबल्यामुळे आणखी नरम होतात, आणि पुढच्या ओढीला आणखी वाक तिथेच येतो. बिजागरी वापराने बरी होत नाही, वाढते.

आकड्यांबरोबर बोटंही वापरा. डोळे मिटून अंगठा पोटावर आणि तर्जनी पाठीवर ठेवून चिमटीत भुजा मुठीपासून टोकापर्यंत सरकवा. अर्ध्या मिलिमीटरचा खड्डा बोटांना लागतो. व्हर्नियर फक्त खुणेवर मोजतो, खड्डा दोन खुणांच्या मधे असेल तर तो हुकतो.

पांढऱ्या लाकडाचा थर कडेने दिसतो, त्यावरही नजर टाका. ५ ते ८ मिलिमीटर असेल तर छान. एका भुजेत ४ आणि दुसरीत १० असेल तर दोन्ही भुजांची जाडी सारखी असूनही त्या सारख्या वागणार नाहीत, आणि त्यावर आता काही करूही नका. पाठीचा थर कमी करायचा तो वाढीच्या वलयाच्या मागे मागे जात, अगदी सुरुवातीला, दांडा जाड असताना. टिलरिंगला लागल्यावर पाठ बंद.

५. गाठी

यूमध्ये गाठी असणारच. स्वच्छ, बिनगाठीचे लांब दांडे इंग्लंडात तेव्हाही दुर्मीळ होते, चांगला माल स्पेन, इटली आणि आल्प्सकडून यायचा. १५४५ मध्ये पोर्ट्समथजवळ बुडालेल्या आणि १९८२ मध्ये वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेवर १७२ लाँगबो सापडले. ते साधारण १.८७ ते २.११ मीटर लांबीचे आहेत. पोर्ट्समथच्या संग्रहालयात गेलात तर काचेपलीकडून त्यांच्या भुजांकडे निरखून बघा. फोटोतल्या गुळगुळीत कल्पनेपेक्षा ते बरेच ओबडधोबड आहेत.

गाठीभोवती धागे वळसा घालून जातात, सरळ धाग्यांची सलग ताकद तिथे नसते. म्हणून गाठीच्या जागी लाकूड जरा फुगीर ठेवतात, पाठीवर तर नक्कीच. भुजा त्या वीतभर भागात थोडी ताठ दिसली तर दिसू द्या. फुगवटा दिसायला बरा नाही म्हणून कोणी तो सपाट केला असेल आणि बिजागरी बरोबर तिथेच असेल, तर कारण सापडलं.

पोटावरच्या गाठी शिवणाच्या सुईने टोचून बघा. कडक असेल तर सोडून द्या. सुई मऊ, काळपट भुशात शिरली तर गाठ कुजकी आहे. बारीक, वाटाण्यापेक्षा लहान असेल तर ती कोरून यूच्याच गाभ्याची खुंटी, धागे भुजेच्या दिशेने ठेवून, चिकटवता येते. त्याहून मोठी असेल किंवा पाठीपर्यंत आरपार जात असेल तर ‘थांबा’ हा भाग वाचा.

६. आता स्क्रेपर

इथवर आलात, बिजागरी खरी आहे, लाकूड कोरडं आहे, गाठ नाही. मग कमकुवत जागेवर पेन्सिलीने ठळक जाळी काढा. ही जागा आता अस्पृश्य. काम शेजाऱ्यांवर करायचं. बिजागरीच्या दोन्ही बाजूंचे ताठ भाग, आणि मग दुसरी भुजा, हळूहळू पातळ करून त्या नरम जागेच्या पातळीवर आणायच्या. वरच्या उदाहरणात तिसरी आणि पाचवी खूण आधी उतरेल, मग सहावी-सातवी, मग मुठीकडचा भाग.

फक्त पोटाकडून. कानस आणि ड्रॉनाइफ (दोन्ही हातांनी ओढायचा सुरा) बाजूला ठेवा, सुताराचा पातळ स्क्रेपर घ्या, कागदासारख्या ढलप्या निघायला हव्यात. दहा हात मारले की धनुष्य खांबावर चढवून वीस-तीस वेळा थोडं थोडं ओढायचं, मग बघायचं. लाकडाला झालेला बदल लगेच दिसत नाही, ओढ बसल्यावर उमटतो. न ओढता खरवडत राहिलं की दहा मिनिटांनी सगळा बदल एकदम दिसतो आणि आता दुसरी भुजा नरम झालेली असते. मग तिला जुळवायला पहिली, पहिलीला जुळवायला दुसरी. ५० पाउंडांचं धनुष्य असं खेळता खेळता पोराचं खेळणं होतं.

दोन मर्यादा पाळा. दोष दिसला त्यापुढे एक इंचही ओढायचं नाही. २० इंचांवर बिजागरी दिसतेय तर २० वरच दुरुस्त करा, २८ वर ‘कशी दिसते ते बघू’ नको. आणि ताणकाट्यावर ठरवलेल्या वजनापुढे कधीही नाही. ४५ चं धनुष्य हवं असेल तर टिलर करतानाही ४५ च्या पुढे काटा जाता कामा नये, मग दोरी कितीही कमी आलेली असो.

खांबावर ओढताना दोरखंड कप्पीतून घेऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून ओढा. लांबून वाक चांगला दिसतो हे एक कारण. दुसरं कारण असं की तुटणारं धनुष्य भुजेच्या रेषेत तुकडे फेकतं.

मास्क लावा. यूच्या झाडात लाल फळाचा गर सोडून जवळपास सगळं विषारी आहे, आणि खरवडलेला भुसा नाकातोंडात जाणं चांगलं नाही. ढलप्या गुरं-घोडी चरतात तिथे टाकू नका. यूचा पाला खाऊन घोडी दगावतात, हे इथले शेतकरी चांगलं ओळखून आहेत.

वजन उतरणार, हे मान्य करूनच बसायचं. पाच पाउंड गमावून सारखं वाकणारं धनुष्य हे पाच पाउंड राखून बिजागरीवर चालणाऱ्या धनुष्यापेक्षा जास्त वर्षं टिकतं, आणि माझ्या मते बाणही बरा फेकतं. वजन परत हवंच असेल तर दोन्ही टोकांकडून दोन-दोन सेंटिमीटर कापून नव्या खाचा पाडता येतात, काही पाउंड परत मिळतात. पण हे लांबीची चैन असेल तरच. २८ इंच ओढायला खाच ते खाच १८० सेंटिमीटरच्या आसपास लांबी मला हवीशी वाटते, १७२ च्या खाली मी जात नाही. आखूड धनुष्यात तेवढाच वाक कमी लाकडावर येतो आणि ज्या कारणाने बिजागरी पडली तेच कारण आपण वाढवतो. आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेल्या ओट्झी या प्राचीन माणसाच्या मृतदेहाजवळ यूचं अर्धवट घडवलेलं धनुष्य होतं. हत्याराच्या खुणा अजून अंगावर असलेलं ते धनुष्य १.८२ मीटर होतं, आणि माणूस स्वतः जेमतेम १.६० मीटर. पाच हजार वर्षांपूर्वीचा तो कारागीरही लांबीत कंजुषी करत नव्हता.

७. पीळ आणि वाकडी दोरी

कधी कधी बिजागरी वाटते ती खरं तर पीळ असते. दोरी चढवून टोकाकडून एका डोळ्याने बघा. दोरी मुठीच्या मधून जायला हवी. ती एका कडेला जात असेल तर भुजा ओढताना आडवी वळते, एका कडेवर जास्त दाब येतो आणि क्रिसल त्याच कडेला, तिरके दिसतात. दोन-चार मिलिमीटरचा फरक खाच एका बाजूला जरा खोल करून सावरतो. त्याहून जास्त असेल तर भुजेला वाफ देऊन शिकंज्यात सरळ करावं लागतं. २५ मिलिमीटर जाडीला साधारण तासभर वाफ, मग साच्यावर बांधून थंड होऊ द्यायचं, आणि ओल पूर्ववत होईपर्यंत, म्हणजे काट्यावर वजन स्थिर होईपर्यंत, दोरी लावायचीच नाही. दांडा जाड असताना हे घरी जमतं. जवळपास तयार झालेल्या भुजेवर मी ते कोणालाही घरी करायला सांगत नाही. हीट गनने पाठीचं पांढरं लाकूड कोरडं पडून चिरतं आणि मग सरळ झालेली, पण चिरलेली भुजा हातात येते.

थांबा

इथून पुढे स्क्रेपर नाही, कारागीर. यातली कुठलीही गोष्ट दिसली तर:

पाठीवर धाग्यांना आडवी चीर, कितीही बारीक. पाठीवर सुटलेली कपची, विशेषतः गाठीच्या कडेला. हे शोधायला कापसाचा बोळा पाठीवरून दोन्ही दिशांनी फिरवा. जिथे कापूस अडकतो तिथे धागा उठलाय. ओढताना ‘टिक्’ असा आवाज आला तर लगेच सैल सोडा, दोरी उतरवा आणि हाच बोळा फिरवा. काही सापडलं नाही तरी ते धनुष्य दुसऱ्या जाणकाराने बघितल्याशिवाय ओढू नका. धाग्यांच्या दिशेने लांब जाणारी वाळण्याची चीर मात्र वेगळी. ती कडेतून बाहेर पडत नसेल तर सहसा निरुपद्रवी असते.

पोटावरचे क्रिसल नखाला लागले, किंवा एकापेक्षा जास्त ओळी रुंदीभर पसरल्या, तर तिथलं लाकूड मेलंय. कारागीर तो भाग कोरून यूच्या गाभ्याचा तुकडा बसवतो. हे काम सांध्याच्या अचूकपणावर चालतं, पटाशीचा सराव नसेल तर घरी करू नये. एकच रेष असेल, नखाला लागत नसेल, तर शेजारचे भाग उतरवून, वजन कमी करून लक्ष ठेवता येतं.

मुठीत दोन तुकडे जोडून केलेल्या धनुष्याचा सांधा उघडताना दिसला, आरपार कुजकी गाठ निघाली, किंवा दुरुस्तीत ठरवलेल्या वजनाच्या तीन चतुर्थांशाखाली उतरलात आणि बिजागरी तरीही आहे, तेव्हाही हेच. ६० पाउंडांपुढच्या धनुष्यात तर पहिल्या संशयालाच जावं. ते तुटतं तेव्हा डोक्याच्या आणि डोळ्यांच्या उंचीवर तुटतं.

ब्रिटनमध्ये ‘क्राफ्ट गिल्ड ऑफ ट्रॅडिशनल बोयर्स अँड फ्लेचर्स’ ही पारंपरिक कारागिरांची संघटना आहे, तिथून जवळचा माणूस सापडू शकतो. त्याच्याकडे धनुष्य पाठवताना दोरी उतरवून, प्लॅस्टिकच्या ड्रेनपाइपमध्ये कापडात गुंडाळून पाठवा. सोबत जाडीचा आणि वाकाच्या बदलाचा तक्ता, उतरवलेला, चढवलेला आणि ओढलेला असे तीन फोटो, आणि किती इंचांवर किती पाउंड भरतं ते लिहून द्या. पेन्सिलीच्या खुणा पुसू नका, तेल-पॉलिश करू नका. ‘पाठवण्याआधी जरा साफ करतो’ म्हणून पॉलिश पेपर मारलेल्या पोटावर क्रिसल शोधायला कारागिराला तुमच्या दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ बिलात येतो.